अंदाज छापता तसा त्याचा निकालही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात वर्षातून दोनदा तरी, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि एकदा बजेटच्या आसपास, अर्थतज्ज्ञांचं एक भलंमोठं पान येतं. सहा-सात फोटो, प्रत्येकाखाली कुठल्या तरी मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचं नाहीतर विद्यापीठाचं नाव, आणि मग जीडीपी एवढा वाढणार, महागाई एवढी राहणार, रुपया इथे जाणार, सेन्सेक्स तिथे जाणार, घरांचे भाव आणखी चढणार की थांबणार. मी ते पान दर वर्षी वाचतो, आवडीने वाचतो. पण त्याच माणसाने गेल्या वर्षी त्याच पानावर काय सांगितलं होतं आणि झालं काय, हे तुम्ही आजवर एकदाही छापलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि तुम्हीच कशाला, दुसरेही पेपर छापत नाहीत, टीव्हीवाल्यांचं तर बोलायलाच नको. आतल्या पानावरच्या राशिभविष्याचाही कोणी हिशोब ठेवत नाही हे मान्य, पण त्याच्यावर पीएचडीचा शिक्का नसतो आणि ते वाचून कोणी कर्ज काढून दुसरा फ्लॅट बुक करत नाही.

मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत प्लॅनिंगला आहे. पुढच्या तीन महिन्यांत कुठला पार्ट किती लागेल त्याचा आकडा काढणं हेच माझं काम, म्हणून हा विषय मला जरा जास्तच टोचतो. कस्टमर शेड्यूल पाठवतो, त्यात चालू महिना फर्म आणि पुढचे दोन टेंटेटिव्ह असं लिहिलेलं असतं, पण फर्म म्हणजे किती फर्म ते या लाईनीत एक वर्ष काढलेल्या कोणालाही विचारा, पंधरा तारखेला मेल येतोच की अमुक मॉडेल कमी करा, तमुक वाढवा. इकडे स्टीलची कॉइल आधीच बुक झालेली असते. जास्त धरलं तर माल शेडमध्ये गंजत पडतो, कमी धरलं तर कस्टमरची लाईन थांबते आणि डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचं बिल, आमच्या नावावर येते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे मिटिंग असते, पडद्यावर एक्सेल शीट लावलेली, एका कॉलममध्ये प्लॅनिंगने काय सांगितलं होतं, दुसऱ्यात प्रत्यक्ष किती गेलं, तिसऱ्यात किती टक्के चुकलं, आणि चौथा कॉलम सगळ्यात वाईट, त्यात असतं की काही डोकं न लावता नुसता गेल्या वर्षीचा त्याच महिन्याचा आकडा उचलून ठेवला असता तर किती चुकलं असतं. काही पार्टच्या बाबतीत हा चौथा कॉलम सरस निघतो, आणि मग प्लँट हेड जे बोलतात ते पेपरात छापण्यासारखं नसतं.

आपल्याकडचे सण हा वेगळाच ताप. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दिवाळी गेली १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या विशीतच आटोपली, त्यामुळे गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आणि यंदाचा ऑक्टोबर हे मुळात सारखे महिनेच नाहीत. पितृपक्षात गाड्यांची डिलिव्हरी कोणी घेत नाही हे बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरला माहीत नसतं, ते आपण हाताने भरायचं. आणि २०२५ मध्ये तर कहरच झाला. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की जीएसटी कमी होणार, लगेच गिऱ्हाईक थांबलं, ३ सप्टेंबरला कौन्सिलने छोट्या गाड्या आणि ३५० सीसीपर्यंतच्या बाईक २८ वरून १८ टक्क्यांत आणल्या, आणि दर लागू झाले २२ सप्टेंबरला, म्हणजे सर्वपित्री झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला! शोरूमला जी झुंबड उडाली ती तुम्हीच पहिल्या पानावर छापली होती. जुलैमध्ये बसून हे कोणाला दिसणार होतं? चाकणच्या प्लॅनरला नाही आणि हार्वर्डच्या प्रोफेसरलाही नाही. त्याबद्दल माझी तक्रारच नाही. अंदाज म्हटला की चुकणार. चुकल्यावर तो मोजायचाच नाही हे मात्र बाजारात दुसऱ्या कुठल्या कामाला चालत नाही.

आता यातली खरी गोष्ट अशी की प्रोफेसर लोकांत दोन जाती आहेत. एक भविष्य सांगणारे आणि दुसरे भविष्य सांगणाऱ्यांचा हिशोब ठेवणारे. तुमच्या पानावर कायम पहिले दिसतात. दुसऱ्यांचं नाव मराठी पेपरात मी क्वचितच वाचलंय, आणि काम मात्र त्यांचंच जास्त कामाचं आहे, निदान आमच्यासारख्यांना.

स्पायरोस माक्रिडाकिस नावाचे एक ग्रीक प्रोफेसर, फ्रान्समधल्या इन्सियाड या बिझनेस स्कूलमध्ये होते. त्यांनी १९७९ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे एक पेपर वाचला, मिशेल हिबोन यांच्याबरोबरचा, १११ खऱ्याखुऱ्या आकडेमालिका घेऊन त्यांनी दाखवलं की भारीभारी गणिती पद्धतींपेक्षा साध्यासुध्या पद्धतींचे अंदाज काही वाईट येत नाहीत, उलट बऱ्याचदा बरे येतात. झालं, मोठमोठे स्टॅटिस्टिशियन त्यांच्यावर तुटून पडले, तुम्हाला त्या पद्धती नीट वापरताच येत नाहीत इथपर्यंत बोलणं गेलं. माणूस चिवट. त्याने म्हटलं ठीक आहे, मी कशाला वापरू, ज्याची पद्धत त्यानेच वापरावी, आणि १००१ मालिका काढून खुली स्पर्धा लावली, १९८२ मध्ये तिचा निकाल आला आणि निष्कर्ष तोच, साध्या पद्धती भारी पद्धतींच्या बरोबरीने उभ्या राहतात आणि दोन-चार पद्धतींची सरासरी काढली की ती सहसा एकेकटीपेक्षा बरी निघते. या स्पर्धा पुढे चालूच राहिल्या. २०१८ च्या स्पर्धेत एक लाख मालिका होत्या, त्यात निव्वळ मशीन लर्निंगवाल्या सहाही पद्धती साध्या सरासरीच्या मागे राहिल्या, आणि जिंकली ती उबरमधल्या एकाची मिश्र पद्धत, त्यात जुनी एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग आणि नवं न्यूरल नेटवर्क दोन्ही एकत्र जुंपलेले होते. २०२० मध्ये वॉलमार्टच्या दुकानांतली रोजची विक्री दिली होती तिथे मात्र मशीन लर्निंगवाले जिंकले, तेही सांगायला हवं. पण महत्त्वाचं हे की तिथे निकाल लागतो, नंबर लागतात, कोणी कितीही नावाजलेला असला तरी आकडा समोर येतो. आणि हो, ही एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग म्हणजे फार काही नाही, ताज्या महिन्याला जास्त वजन आणि जुन्याला कमी कमी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन नौदलाचं काम करताना रॉबर्ट ब्राऊन यांना सुचलेली, १९५७ च्या सुमारास होल्ट यांनी आणि १९६० मध्ये विंटर्स यांनी वाढवलेली. आमच्या एक्सेलमध्ये आजही तीच चालते आणि बारावी झालेला पोरगा ती दोन दिवसांत शिकतो.

दुसरे स्कॉट आर्मस्ट्राँग, अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलचे. यांनी १९८० मध्येच लिहून ठेवलंय की एका मर्यादेपर्यंत जाणकारी उपयोगी पडते, ती मर्यादा काही फार उंच नाही, आणि तिच्यापुढे कितीही ज्ञान वाढलं तरी अंदाजाची अचूकता वाढत नाही. वर अशी मल्लिनाथी की भविष्य कळणारी माणसं नसतातच याचा कितीही पुरावा ठेवा, त्यांना पैसे मोजणारी गिऱ्हाइकं मिळतच राहतात. हे एका बिझनेस स्कूलच्या प्रोफेसरने म्हणावं यातच काय ते आलं.

आणि तिसरे फिलिप टेटलॉक, मानसशास्त्राचे प्रोफेसर, यांच्याबद्दल तर प्रत्येक पेपरच्या ऑफिसात एक तक्ता लावायला हवा. यांनी २८४ तज्ज्ञ धरले, राजकारण-अर्थकारणावर सल्ला देऊन पोट भरणारे, आणि जवळजवळ वीस वर्षं त्यांच्याकडून हजारो अंदाज लिहून घेतले, तेही आकड्यात, अमुक होण्याची शक्यता किती टक्के असं. मग थांबून राहिले आणि मोजलं. एकूणात तज्ज्ञ मंडळी ढोबळ नियमांपेक्षा फारशी पुढे गेली नाहीत, आणि मीडियात ज्यांना जास्त मागणी ते उलट जास्त चुकले. कारण उघड आहे, ज्याला एकच मोठी थिअरी पाठ आहे तो ठासून बोलतो, ठासून बोलणारा पडद्यावर शोभतो, आणि जो म्हणतो की एकीकडे असं आहे पण दुसरीकडे तसंही होऊ शकतं, त्याला अँकर दुसऱ्यांदा फोन करत नाही. त्यांच्याच पुढच्या कामात, अमेरिकन गुप्तचर खात्याच्या संशोधन संस्थेने २०११ पासून लावलेल्या स्पर्धेत, साधी सुशिक्षित माणसं निवडून, त्यांना थोडं ट्रेनिंग देऊन, टीम करून बसवली तर ती चांगले अंदाज देऊ लागली, अट एकच, दर वेळी निकाल दाखवायचा आणि जरा काही नवीन कळलं की आकडा बदलायचा. नाकाने कांदे सोलणाऱ्यांना ही अट पटत नाही.

आमच्या लाईनीतल्या लोकांना एक किस्सा ठाऊक असायला हवा. येल विद्यापीठाचे अर्व्हिंग फिशर, त्या काळचे अमेरिकेतले सगळ्यात नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ, ऑक्टोबर १९२९ च्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये एका जेवणात बोलले की शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचल्यासारखे दिसतायत. जेवण होतं परचेसिंग एजंट्सच्या संघटनेचं! म्हणजे परचेसवाल्यांना तज्ज्ञ बोलावून भविष्य ऐकायची हौस तेव्हापासूनची आहे. पुढच्या दोन आठवड्यांत बाजार फुटला, सप्टेंबरमध्ये ३८१ वर असलेला डाऊ जोन्स जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला, आणि फिशर यांनी कार्ड फाईलच्या शोधातून कमावलेली स्वतःची गडगंज इस्टेटही त्यात गेली. निदान हा माणूस जे बोलला त्यावर स्वतःचे पैसे लावून बसला होता, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं.

हार्वर्डची गोष्ट आणखी बोलकी. तिथे प्रोफेसरांनीच १९१९ पासून एक अंदाज सेवा चालवली होती, ए, बी, सी असे तीन ग्राफ, सट्टा, धंदा आणि पैसा, एक हलला की काही महिन्यांनी दुसरा हलतो असा हिशोब, आणि कंपन्या वर्गणी भरून त्यांचं साप्ताहिक पत्र मागवायच्या. बाजार फुटल्यानंतरही, नोव्हेंबर १९२९ मध्ये, त्यांनी वर्गणीदारांना कळवलं की १९२०-२१ सारखी मोठी मंदी शक्यतेच्या बाहेरची आहे. १९३० भर हेच चालू, आता सुधारेल, मग सुधारेल. दोनेक वर्षांत ती सेवाच गुंडाळली गेली. उलट रॉजर बॅबसन नावाचे एक गृहस्थ सप्टेंबर १९२९ मध्ये म्हणाले की बाजार कोसळणार, आणि त्यांचं नाव झालं, पण ते आधीची दोन वर्षं हेच म्हणत होते, त्यांचं ऐकून १९२७ मध्ये बाहेर पडलेल्याचं मधल्या तेजीत काय गेलं ते कोण मोजतंय.

पण गंमत पुढे आहे. १९८८ मध्ये कॅथरीन डोमिंग्वेझ, रे फेअर आणि मॅथ्यू शापिरो या तिघांनी तेव्हा हार्वर्ड आणि येलकडे जे आकडे होते तेच घेऊन, वर आणखी आकडे घालून, आजच्या काळातल्या पद्धती चालवून बघितल्या. आणि निष्कर्ष काय, तर महामंदी यातूनही दिसत नाही. म्हणजे फिशर मूर्ख नव्हते, हार्वर्डवालेही नव्हते. गोष्टच अशी आहे की ती आधी दिसत नाही. नाणेनिधीतले प्रकाश लौंगाणी यांनी नव्वदच्या दशकातल्या ६० मंदींचा हिशोब मांडला तर त्यातल्या फक्त दोन वर्षभर आधी ओळखल्या गेल्या होत्या. साठात दोन! मग जर मामला असा आहे तर पानावर ६.८ टक्के असा दशांशातला आकडा छातीठोक छापायचा कशाला, ६ ते साडेसात म्हणा ना, आणि त्यातही दहात तीनदा बाहेर जाऊ म्हणा.

आपल्याकडचंच बघा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं की पुढच्या आर्थिक वर्षात महागाई ४.५ टक्के राहील, त्याच महिन्यात युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि वर्ष संपलं ६.७ वर. एप्रिल २०२५ मध्ये म्हणाले २०२५-२६ ला ४ टक्के, मग जूनमध्ये ३.७, ऑगस्टमध्ये ३.१, ऑक्टोबरमध्ये २.६, डिसेंबरमध्ये २, कारण भाजीपाला पडला, आणि ऑक्टोबरचा प्रत्यक्ष आकडा तर ०.२५ आला. नाशिककडच्या कांदावाल्याला ही महागाई कमी झाल्याची बातमी कशी लागली असेल तो वेगळ्या पत्राचा विषय. जीडीपीचं तर आणखी मजेशीर, २०२४ च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीला रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबरमधला अंदाज ७ टक्के, आला ५.४. २०२५ च्या त्याच तिमाहीला ऑक्टोबरमधला अंदाज परत ७, आला ८.२. दोन वर्षांची सरासरी काढली तर ६.८ निघते आणि कोणीही म्हणेल वा काय अचूक!

तरी रिझर्व्ह बँकेला मी नावं ठेवणार नाही, कारण ते एक काम करतात जे तुमच्या पानावरचे तज्ज्ञ करत नाहीत. ते आकड्याभोवती पट्टा काढून दाखवतात, दर सहा महिन्यांच्या रिपोर्टात आपला आधीचा अंदाज कुठे आणि का हुकला ते लिहितात, आणि सलग तीन तिमाह्या महागाई २ ते ६ च्या बाहेर राहिली तर सरकारला पत्र लिहून कारण द्यावं लागतं असा कायदाच आहे, २०२२ मध्ये तसं पत्र द्यावं लागलंही. त्यांच्या व्याजदर ठरवणाऱ्या समितीत बाहेरचे प्रोफेसर बसतात, गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या आशिमा गोयल होत्या, आयआयएम अहमदाबादचे जयंत वर्मा होते, त्याच्या आधी त्याच आयआयएमचे रवींद्र ढोलकिया होते. कोणी काय मत दिलं, का दिलं, ते चौदा दिवसांनी नावानिशी जाहीर होतं. २०२४ च्या जून आणि ऑगस्टमध्ये गोयल आणि वर्मा दोघांनी व्याजदर कमी करा म्हणून उलट मत दिलं, चार विरुद्ध दोन, आणि ते आज कोणीही काढून वाचू शकतो आणि ठरवू शकतो की ते बरोबर होते की चार जण. बघा म्हणजे, प्रोफेसर मंडळी हिशोब द्यायला तयार असतात, मागणारा असला पाहिजे.

रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांचं उदाहरण मुद्दाम देतो कारण त्यांच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे दोघेही व्हॉट्सअॅपवर अर्धंच सांगतात. २००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन होलच्या परिषदेत त्यांनी भर सभेत सांगितलं की बँकांचे नवनवे आर्थिक व्यवहार धोका कमी करत नाहीयेत, वाढवतायत, तेव्हा मोठमोठ्यांनी त्यांची टर उडवली आणि तीन वर्षांनी २००८ चं आर्थिक संकट आलं. हेच राजन डिसेंबर २०२२ मध्ये भारत जोडो यात्रेत म्हणाले की पुढच्या वर्षी आपण ५ टक्के वाढ केली तर नशीबच म्हणायचं, आणि २०२३-२४ चा सरकारी आकडा मे २०२४ मध्ये आला ८.२. आता यावरून ते थोर की थापाडे असलं भांडण करण्यात काय अर्थ आहे? एक धोक्याचा इशारा होता, त्याला तारीख नव्हती, दुसरा वाढीचा आकडा होता. दोन्ही शेजारीशेजारी छापा, वाचक शहाणा आहे. आणि त्या वर्षी राजन एकटे नव्हते, नाणेनिधीने एप्रिल २०२३ मध्ये ५.९ म्हटलं होतं आणि रिझर्व्ह बँकेने ६.५.

इथे एक भानगड आहे आणि ती तुमच्या अर्थ पानाच्या संपादकांना माहीत असणारच. निकालपत्रिकाच बदलत राहते. त्याच २०२३-२४ ची वाढ जानेवारी २०२४ मध्ये ७.३ होती, फेब्रुवारीत ७.६, मे महिन्यात ८.२, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९.२ झाली. मग तज्ज्ञ कोणत्या आकड्याशी चुकला? माझं म्हणणं, पहिला जाहीर झालेला आकडा धरावा आणि तसं खाली लिहावं, कारण धंदेवाला माणूस निर्णय पहिल्या आकड्यावरच घेतो, दोन वर्षांनी आलेल्या दुरुस्तीवर नाही.

चुकलेल्या अंदाजाचे पैसे कोण भरतं ते बघायला लांब जायला नको. २०२२-२३ च्या गाळप हंगामात महाराष्ट्रात साखर सुमारे १३८ लाख टन होईल असा सुरुवातीचा अंदाज होता, अतिवृष्टीने उसाचा उतारा मारला, खोडवा, म्हणजे तोडणीनंतर परत फुटणारा ऊस, निघाला नाही आणि हंगाम १०५ लाख टनांच्या आसपास संपला. त्याने सगळे इतके धास्तावले की पुढच्या वर्षी पाऊस ओढ धरतोय म्हटल्यावर अंदाज ९० लाख टनांच्या जवळपास आणून ठेवला, त्या वातावरणात केंद्राने ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवड्याभरात ती थोडी सैल केली, आणि प्रत्यक्षात साखर झाली ११० लाख टनांच्या घरात. एकदा वर चुकलं, एकदा खाली चुकलं, दोन्ही वेळा गोंधळ. ज्या कारखान्यांनी इथेनॉलच्या डिस्टिलरीवर कर्ज काढून पैसा घातला होता त्यांनी काय करायचं? माझे साडू माळशिरसचे, ऊसवाले, त्यांना विचारलं तर म्हणाले अंदाज काढणाऱ्यांचं बिल एफआरपीतून, म्हणजे उसाच्या किमान दरातून, कापा. हे अंदाज काही प्रोफेसरांनी काढलेले नव्हते, पण छापून येतात तेव्हा असेच येतात, एक ठोक आकडा, आजूबाजूला काही नाही.

याच्या उलट ज्यांची आपण सगळ्यात जास्त टिंगल करतो ते हवामान खातं बघा. वसंत गोवारीकरांचं १६ घटकांचं मॉडेल १९८८ पासून वापरात होतं, बरीच वर्षं त्याने नाव काढलं, आणि २००२ मध्ये सरासरीच्या १०१ टक्के सांगितलेला पाऊस ८१ टक्केच झाला, देशभर दुष्काळ. त्यांनी काय केलं? मॉडेल बाजूला ठेवलं, घटक तपासले, २००३ मध्ये नवीन आणलं, पुढे तेही बदललं. आज एप्रिलमध्ये आकडा देतात तेव्हा अधिक-उणे ५ टक्के असं सांगूनच देतात, आणि हंगाम संपल्यावर अंदाज किती आणि पाऊस किती ते स्वतःच छापतात. २०२३ ला ९६ सांगितलं, ९४ झाला. २०२४ ला १०६, झाला १०८. २०२५ ला १०५, झाला १०८. अंदाजाला मार्क देण्याचं जे गणित टेटलॉक वापरतात ते मुळात ग्लेन ब्रायर या हवामानवाल्यानेच १९५० मध्ये बांधलेलं. हवामान खात्यावर जोक करणारे आपण, कधी कुठल्या फंड मॅनेजरचा किंवा प्रोफेसरचा असा तक्ता बघितलाय?

आता मागणी. जानेवारीच्या त्या पानावर प्रत्येक फोटोखाली एक छोटी चौकट द्या. गेल्या वर्षी हे काय म्हणाले होते, झालं काय, फरक किती, आणि आमच्या शीटमधला तो चौथा कॉलम, म्हणजे नुसता आदल्या वर्षीचा आकडा पुढे ढकलला असता तर फरक किती आला असता. फार जागा लागत नाही, चार ओळी. जे पहिल्यांदाच येतायत त्यांच्याखाली लिहा की पहिलंच वर्ष. आकडा घेताना दोन टोकं मागा, आणि खात्री किती टक्के ते विचारा, नाही म्हणाले तर नाही म्हणाले असं छापा. आणि एक वाक्य मात्र त्या पानावरून हद्दपार करा, ते म्हणजे ‘अमुक होण्याची शक्यता नाकारता येत नाही’. हे वाक्य आयुष्यात कधी चुकत नाही, कारण त्यात काही सांगितलेलंच नसतं. सोनं आणखी चढण्याची शक्यता नाकारता येत नाही, न चढण्याचीही नाकारता येत नाही, मग मानधन कशाचं?

यावर कोणी म्हणेल की असं केलं तर तज्ज्ञ यायचेच बंद होतील. काही होतील. जे उरतील त्यांची मुलाखत अर्ध्या पानाची घ्या, आम्ही वाचू. आणि पुण्यात बसून तज्ज्ञ मिळत नाहीत असं तर म्हणूच नका. गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासून इथे आहे, धनंजयराव गाडगीळांनी घरोघरी माणसं पाठवून पुण्याची पाहणी केली, दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या गरिबीचा हिशोब मांडला, तो मांडताना कुठला आकडा कुठून घेतला आणि त्यात कुठे शंका आहे हे पानोपानी लिहिलं. ही मोजणीवाली परंपरा आपल्या घरातली आहे, आणि तिथे शिकलेली मुलं अजून आहेत. दोन एमएच्या विद्यार्थ्यांना तुमची गेल्या दहा वर्षांची जानेवारीची पानं द्या, एक्सेल द्या, महिन्याभरात तक्ता तयार होईल, त्यांचा प्रोजेक्टही होईल. वाटल्यास शीटचा नमुना मी पाठवतो, आमच्याकडे तयारच आहे, कंपनीचे आकडे काढून.

पत्र लांबलंय हे दिसतंय मला. कापायचं असेल तर फिशर आणि हार्वर्डचा भाग कापा, चौकटीचा कापू नका.

आपला,
प्लॅनिंग खात्यातला एक वाचक,
चाकण